बाहेर उघडणारी दारं

माझ्या आत्याला माणसं आवडत नाहीत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, ती स्वतःच गिऱ्हाइकांना सांगते. बसस्थानकाच्या जिन्याखाली तिचं किल्ल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, भिंतीतला कोनाडाच. त्यात किल्ली कापायचं मशीन, खिळ्यांना लटकवलेले कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, एक स्टूल आणि स्टुलावर आत्या. समोरच्या तिकीट खिडकीत मी बसते. दिवसभर पितळ कापल्याचा कर्रकर्र आवाज आणि त्याच्यावर कडी करणारं आत्याचं तोंड, हे ऐकत माझी नोकरी चालते.

कोणी किल्ली हरवून आला की ती म्हणते, "डोकं आणलंय ना बरोबर, की तेही घरातच राहिलं?" नवरा घरात येऊ नये म्हणून कुलूप बदलायला आलेल्या बाईला ती म्हणाली होती, "कुलूप बदलून देते, अक्कल बदलून मिळत नाही. थोड्या दिवसांनी तूच त्याच्यासाठी किल्ली करायला येशील." ती बाई खरंच आली. आत्याने किल्ली करून दिली आणि तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी सुटे पैसे घ्यायचे विसरून पळाली.

पण तुच्छतेचा अस्सल माल तिने राखून ठेवला होता तो धाकट्या भावासाठी. म्हणजे माझ्या बापासाठी.

बाप गोदामात माल चढवायचा. एकदा खोक्यांची चळत अंगावर कोसळली आणि पाठ कामातून गेली. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या, अफूच्या जातीतल्या. पाठ बरी झाली की नाही हे त्याला कळायच्या आत गोळी अंगवळणी पडली. पुढे डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, तेव्हा त्याने त्या रस्त्यावरून घ्यायला सुरुवात केली, आणि मग रस्त्यावर जे मिळेल ते. नोकरी गेली. घरातली एकेक वस्तू पाय फुटल्यासारखी नाहीशी व्हायला लागली. आईचं शिवणयंत्र गेलं त्या दिवशी आत्या आली आणि आमच्या दाराचं कुलूप तिने स्वतःच्या हाताने बदललं. बाप जिन्यात बसून बघत होता.

"ताई, एक किल्ली मला ठेव ना," तो म्हणाला.

"तूच एक किल्ली आहेस," आत्या पेचकस फिरवत म्हणाली. "बिनदात्याची. नुसती गोल गोल फिरते, उघडत काहीच नाही."

तेव्हापासून तो बसस्थानकाच्या आवारात असायचा, त्याच्यासारख्याच दोघातिघांबरोबर. मी खिडकीत, आत्या कोनाड्यात आणि तो आमच्या मधल्या फुटपाथवर. तोंडं फिरवण्यात आमचं घराणं तरबेज झालं होतं. एखाद्या दिवशी तो दिसला नाही तर मात्र आत्याचा हात मशीनवर चुकायचा आणि किल्ली वाया जायची. मग ती किल्ली बनवणाऱ्या कारखान्याला शिव्या द्यायची.

एका दुपारी वाचनालयाचा शिपाई धावत आला. बायकांच्या बाथरूममध्ये कोणीतरी बराच वेळ आहे, हाका मारल्या तरी उत्तर नाही. आत्या हत्यारांची पेटी घेऊन निघाली. माझी जेवणाची सुट्टी होती, मीही मागे गेले.

कुलूप तिने चुटकीसरशी काढलं. दार मात्र हलेना. ते आत उघडणारं होतं आणि आत कोणीतरी नेमकं त्यालाच टेकून पडलं होतं. ढकलावं तसं ते अंग दारात आणखी घट्ट बसत होतं. बिजागऱ्या आतल्या बाजूला, त्यामुळे त्याही काढता येईनात. शिपाई "अगं बाई, अगं बाई" करत होता. वाचायला आलेले चार सभ्य लोक पुस्तकांत बोटं घालून, म्हणजे पान हरवू नये इतकी काळजी घेऊन, बघायला जमले होते. शेवटी आत्याने करवतीने दाराची फळी कापली. आत पलीकडच्या उपाहारगृहात वाढणारी मुलगी होती. कामाचा एप्रन अंगात तसाच, ओठ निळे, शेजारी गोळ्यांची पुडी. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी बरीच खटपट केली. उपयोग झाला नाही.

आत्या तडक परत निघाली. दुकानात आली, हात धुतले, स्टुलावर बसली.

"मूर्ख," ती म्हणाली. "दार कशाला लावायचं?"

मग तिने मशीन सुरू केलं आणि कोणीच न मागितलेली किल्ली कापत बसली.

आता आमच्या बाजारातल्या थोरामोठ्यांविषयी सांगायला हवं. दुकानदारांची एक समिती आहे. तिचा अध्यक्ष कोपऱ्यावरच्या सोफ्यांच्या मोठ्या दुकानाचा मालक. माणूस त्याच्या मालासारखाच, वरून गुबगुबीत आणि आत भुसा. मुलगी गेल्यावर समितीला जाग आली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण यांनी झोपाही केला नाही, झोप्याचा फलक लावला. फलकावर "नशामुक्त बाजार, आपला बाजार" असं लिहिलं होतं आणि अक्षरांपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा होता. मेलेल्या मुलीचा उल्लेख त्यांनी भाषणात "तो दुर्दैवी प्रकार" असा केला. तिने त्यांच्याच दुकानातल्या माणसांना रोज दुपारी चहा नेऊन दिला होता. पण प्रकाराला नाव असलं की पंचाईत होते.

समितीने ठराव केला की बाजारातली सगळी बाथरूमं बाहेरच्यांना बंद करायची. नवी कुलपं बसवायचं काम आत्याला मिळालं. आपल्या दुकानातल्या कामगारांच्या संडासाकडे बोट दाखवत अध्यक्ष म्हणाले, "असं कुलूप बसवा की तुम्हालासुद्धा उघडता येता कामा नये."

आत्याने बसवलं. मी तिला म्हटलं, "आत्या, याने काय होणार आहे?"

"काही नाही होणार. पण मूर्खांचं काम करायला मला लाज नाही. शहाण्यांची वाट बघत बसले असते तर उपाशी मेले असते."

पुढे काय झालं ते सांगायला ज्योतिषी नको. नशा करणारे गाड्यांच्या तळामागे गेले, जिन्यांखाली गेले, अर्धवट बांधलेल्या इमारतीत गेले. तिथे ते पडले तर ओरडायलाही कोणी नव्हतं. ॲम्ब्युलन्स आता बाजारात यायची नाही, बाजाराच्या मागे जायची. आणि ज्यांचा नशेशी काडीचा संबंध नाही असे म्हातारे, पोटुशा बायका, टॅक्सीवाले पोट धरून दुकानोदुकानी विनवण्या करत फिरायला लागले. अध्यक्षांनी मात्र सभेत छाती फुगवून जाहीर केलं की ठरावानंतर बाजारात तसा एकही प्रकार घडलेला नाही. उंदीर कपाटामागे जाऊन मेला की वास येईपर्यंत घर स्वच्छच असतं.

तेवढ्यात आरोग्य केंद्रातून एक नर्स आली. श्वास बंद पडत चाललेल्या माणसाच्या नाकात मारायचा एक फवारा असतो, नॅलोक्झोन नावाचा. तो लोकांना वाटायचा आणि वापरायला शिकवायचं, हे तिचं काम. समितीने तिला सभागृह दिलं नाही. कारण असं सांगितलं की "त्या लोकांबरोबर" बसणं सभ्य लोकांना जमणार नाही. मग तिने बसस्थानकाचं प्रतीक्षालय मागून घेतलं. आणि पहिल्याच दिवशी, फवाऱ्यांची खोकी गाडीत आणि गाडीची किल्लीही गाडीत, अशी दार आपटून बाहेर उभी राहिली.

आत्याला बोलावणं आलं. तिने काचेच्या फटीतून पट्टी घातली, दार उघडलं आणि म्हणाली, "स्वतःची किल्ली सांभाळता येत नाही, आणि लोकांचे जीव सांभाळायला निघालात?"

नर्स हसली. "नाही येत सांभाळता. म्हणून तर माणसं जमवत फिरते. बसा ना तुम्हीपण."

"मला वेळ नाही," आत्या म्हणाली आणि बसली.

जमलेली मंडळी म्हणजे न्हावी, स्थानकाची झाडूवाली, एक टॅक्सीवाला, मी, आणि मागच्या बाकावर माझा बाप व त्याचे दोन सोबती. नर्सने चटकन मुद्द्याला हात घातला. खांदे धरून हलवा, मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची बोटं जोरात घासा. तरी जाग नाही, श्वास अडकत अडकत येतोय किंवा घोरल्यासारखा घरघरतोय, ओठ किंवा नखं निळी पडलीत, तर उशीर करू नका. ॲम्ब्युलन्सला फोन करा, एका नाकपुडीत फवारा मारा, तोंडाने श्वास द्या. तीनेक मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा मारा. शुद्धीवर आला तरी सोडून जाऊ नका, कारण फवाऱ्याचा असर ओसरला की माणूस पुन्हा बुडू शकतो.

"इथे कोणी हा वापरलाय?" तिने विचारलं.

मागच्या बाकावरून एक हात वर आला. माझ्या बापाचा. आत्याची मान फिरली.

"कोणावर वापरलात?"

"ह्याच्यावर," बापाने शेजाऱ्याकडे बोट केलं. "दोनदा, केंद्रातून आणून. आणि एका टोपीवाल्यावर. तो उठला आणि मलाच मारायला धावला."

"धावणारच," नर्स म्हणाली. "नशा एकदम उतरते, अंग मोडून येतं. तो शिव्या देईल, हात उगारेल. पण शिव्या देतोय म्हणजे श्वास घेतोय."

"मग मी तर ठणठणीत आहे," आत्या म्हणाली, आणि बाप हसला. त्या दोघांना एका खोलीत एकाच गोष्टीवर हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आत्याने मात्र तेवढ्यातच तोंड आंबट केलं. "आधी पडायचं, मग एकमेकांना उचलायचं. काय कौतुक!"

शेवटी नर्सने बाथरूमांचा विषय काढला. ती बंद करू नका, म्हणाली. उघडी ठेवा, अधूनमधून दार वाजवा, कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवा, आणि दार बाहेर उघडणारं करा म्हणजे आतला माणूस दाराशी पडला तरी अडकणार नाही.

यावर आत्या एकदम उभी राहिली. मला वाटलं, आता नर्सची खैर नाही. पण ती सरळ निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद होतं. आत्या वाचनालयात होती, नव्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला बसवत.

"तुला पटलं तर तिचं," मी म्हटलं.

"पटलं बिटलं काही नाही. मला परत फळी कापायची नाही, एवढंच."

त्यानंतर ती दुकानोदुकानी फिरली. मनधरणी वगैरे तिच्या स्वभावात नाही. ती न्हाव्याकडे गेली आणि म्हणाली, "दार फिरवायला आले आहे. हो म्हण, नाहीतर मेलेला माणूस ओढून काढायला तूच ये." न्हाव्याने हो म्हटलं. उपाहारगृहाच्या मालकिणीने तर तिला आधीच निरोप पाठवला होता. तिच्या दाराचं काम करताना आत्या एकही वाकडा शब्द बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत हे मौनव्रतच म्हणायचं. प्रत्येक ठिकाणी फवाऱ्याची एक पेटी दाराशेजारी लागली. दार धरून ठेवायला कोणीतरी लागायचं. एके दिवशी मी पाहिलं, तर दार माझा बाप धरून उभा होता.

"सरळ धर," आत्या त्याच्यावर खेकसत होती. "स्वतः सरळ उभं राहता येत नाही, दार काय धरणार कपाळ!"

बाप गुपचूप सरळ धरत होता.

अध्यक्षांना हे कळल्यावर ते तिच्या कोनाड्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुम्ही या लोकांना आमंत्रणं देताय," ते म्हणाले.

"मी दारं फिरवतेय."

"म्हणजे तेच! सोयी करून दिल्या की ही माणसं सुधारतील कशी?"

"मेली की सुधारतात का?"

"तुमचा भाऊ त्यातलाच आहे म्हणून तुम्हाला..."

"माझा भाऊ गाढव आहे," आत्या स्टुलावरून न उठता म्हणाली. "ते मी तुमच्याआधीपासून म्हणतेय. पण तुम्ही गाढवाला मरू द्या म्हणता आणि वर शहाणे म्हणवून घेता. चला, उजेड सोडा, मला खाच दिसत नाही."

अध्यक्ष उजेड सोडून गेले. त्यांच्या दुकानातल्या संडासाचं दार तसंच राहिलं, आत उघडणारं आणि आत्यानेच बसवलेल्या भक्कम कुलपाचं.

त्या दुकानात सोफे पोचवणारा एक म्हातारा ड्रायव्हर होता. अध्यक्षांच्या वडिलांच्या काळापासूनचा. गुडघे झिजले होते, तरी गाडी चालवायचा आणि सोफ्याला हातही लावायचा, कारण सुट्टी मागितली की अध्यक्ष "मग घरीच बसा" म्हणायचे. तो कोणाकडून तरी दुखण्याच्या गोळ्या घ्यायचा. भर दुपारी, दुकानात गिऱ्हाइकं गाद्या दाबून बघत असताना, तो त्या संडासात गेला आणि बाहेर आला नाही.

आत्याला बोलावलं तेव्हा मी खिडकी बंद करून तिच्याबरोबर धावले. किल्ली ड्रायव्हरबरोबर आत, आणि बाहेरून ते कुलूप उघडणं शक्यच नव्हतं. तिने ड्रिल लावलं. भोक पाडताना ती त्या कुलपाला, ते बनवणाऱ्याला आणि ते बसवणाऱ्या स्वतःला अशा काही शिव्या देत होती की गिऱ्हाइकांपैकी एका बाईने कानांवर हात ठेवले. कुलूप निघालं. दार वीतभर सरकलं आणि अडकलं. आत दाराला लागून ड्रायव्हरची पाठ दिसत होती. आणि तो घरघर आवाज येत होता, नर्सने सांगितला होता तसा.

आत्याने खांदा घातला, जाईना. दुकानातला धष्टपुष्ट सेल्समन पुढे आला, त्याचं नुसतं पोट अडकलं. अध्यक्ष सोफ्यावर बसून फोनवर कोणालातरी "इथे एक छोटा प्रॉब्लेम झालाय" असं सांगत होते.

"ताई, बाजूला हो."

बाप होता. दारावरच्या पहारेकऱ्याने त्याला रोज हाकललं होतं, त्या दिवशी पहारेकरीही आत धावला होता म्हणून तो घुसू शकला. त्याने शर्ट काढला, खिशातले दोन फवारे मुठीत धरले. मला त्याच्या फासळ्या दिसल्या, एकूण एक. त्या चिंचोळ्या फटीतून तो आधी हात, मग डोकं, मग तिरका होऊन छाती असा आत गेला. खरवडलेल्या कातडीचं रक्त चौकटीला लागलं. आतून त्याचा आवाज यायला लागला, "काका! ओ काका! ऐकू येतंय का?" मग फवाऱ्याचं पाकीट फाडल्याची टर्र. मग मोजून श्वास फुंकल्याचा आवाज. आत्या फटीला तोंड लावून ओरडत होती, "डोकं मागे कर त्याचं! दुसरा फवारा मार!"

"मारला," बाप आतून म्हणाला. पुन्हा फुंकर. आणि मग ड्रायव्हर खोकला, ओकला आणि माझ्या बापाला आईवरून शिवी दिली. मी आयुष्यात इतकी गोड शिवी ऐकलेली नाही.

बापाने त्याला कुशीवर वळवून दारापासून सरकवलं आणि दार उघडलं. ॲम्ब्युलन्स आली, ड्रायव्हरला घेऊन गेली. बाप ओकारीने भरलेल्या फरशीवर टेकून बसला होता. तेव्हा अध्यक्ष आले, नाकावर रुमाल धरून, आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "हा आत कसा आला?"

शपथेवर सांगते, हेच म्हणाले.

आत्याने ड्रिल पेटीत टाकलं. खाली वाकून भावाचा शर्ट उचलला, झटकला आणि त्याच्या अंगावर फेकला. "घाल. हाडांचं प्रदर्शन पुरे. आणि चल घरी, ते खरचटलंय ते धुवायला हवं."

घरी, म्हणजे तिच्या घरी. त्या दिवसापासून तो तिथे राहतो. साधुसंत झालेला नाही. दोनदा घसरला, दोनदा आत्याने त्याला गुराढोरांनाही कोणी बोलणार नाही असे शब्द ऐकवले, घराबाहेर मात्र काढलं नाही. आता नर्सच्या केंद्रावर जाऊन तलफ दाबणारं रोजचं औषध घेतो, आणि औषध चुकवत नाही. आईने त्याला माफ केलेलं नाही, मीही नाही. शिवणयंत्र शिवणयंत्रच असतं. पण तो समोर दिसला की मी आता तोंड फिरवत नाही.

ड्रायव्हर बरा झाला. अध्यक्षांनी त्याला "बाजाराच्या प्रतिमेचा विचार करून" कामावरून काढलं. आणि महिन्याभराने समितीने कार्यक्रम ठेवला, फवाऱ्याची पेटी हातात धरलेल्या अध्यक्षांचा नवा फलक लावला आणि "समितीच्या पुढाकाराने वाचले प्राण" असं त्यावर लिहिलं. आत्याचाही सत्कार करायचं ठरलं. बापाचं नाव यादीत नव्हतं. सन्मानचिन्ह घेऊन स्वतः अध्यक्ष तिच्या कोनाड्यापर्यंत चालत आले.

"सत्कार नको," आत्या म्हणाली. "तुमच्या संडासाचं दार द्या, बाहेर फिरवून देते. फुकट. आणि त्या म्हाताऱ्याला परत कामावर घ्या."

"दोन्ही विषय समितीपुढे ठेवतो," अध्यक्ष म्हणाले.

ते विषय अजून समितीपुढेच आहेत. दार आत उघडतं. सोफा बघायला निघालेलं कोणी स्थानकावर उतरून आत्याला दुकानाचा रस्ता विचारतं, तेव्हा ती बोट दाखवते आणि वर सांगते, "खुशाल घ्या सोफा. फक्त संडासला जायचं असेल तर आधी न्हाव्याकडे जाऊन या."